तणसात निजवलेली कोंबडी

लग्न होऊन मी नागपुरात आले त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशीची गोष्ट. सकाळचे नऊ वाजत आले असतील. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजारच्या घराची पडवी दिसायची. तिथं एक उंच, किडकिडीत, चष्मेवाले गृहस्थ खाली वाकून एका लाकडी खोक्यात काहीतरी ठेवत होते. ठेवून झाल्यावर त्यांनी चारी बाजूंनी कपडा खोचला, वर छोटीशी गादी घातली, गादीवर हलक्या हातानं दोनदा थोपटलं आणि म्हणाले, "नीज आता. संध्याकाळवरी आवाज नाही पाह्यजे." मग पँटीला सायकलच्या क्लिपा लावल्या, दाराला कुलूप घातलं आणि निघून गेले.

मी तशीच आत धावले. सासूबाईंना जाऊन विचारलं, "शेजारी लहान बाळ आहे का हो? एकट्यालाच ठेवून गेले ते."

सासूबाई तांदूळ पाखडत होत्या. हातातलं सूप थांबवून त्या म्हणाल्या, "बाळ कुठचं वं! कोंबडी हाय ते."

बापूराव गावंडे यांची आणि माझी ओळख झाली ती अशी. सगळी गल्ली त्यांना गावंडेकाका म्हणायची. सरकारी कचेरीत ते ड्राफ्ट्समन होते. कालव्यांचे आणि पाटांचे नकाशे काढायचे. माझे यजमान त्याच कचेरीत, त्यांच्याच शेजारच्या टेबलावर बसायचे. काकांच्या पत्नी विमलकाकू मोठ्या इस्पितळात नर्स होत्या. कधी सकाळची ड्युटी, कधी दुपारची. त्यांना मूलबाळ नव्हतं. सत्तरच्या आसपासचा तो काळ. नर्स बायको आणि रांधणारा नवरा हे जोडपं आमच्या सक्करदऱ्याच्या गल्लीला पुष्कळ दिवस पुरेल एवढा विषय होता.

त्यात पुन्हा ती पेटी. चहाच्या मळ्यातून चहा येतो ना, तसलं पत्र्याच्या कडांचं रिकामं खोकं. आत भाताचं तणस दाबून दाबून भरलेलं, मधोमध पातेलं बसेल एवढी खोल जागा. वरची गादी गांधीबागेतून आणलेल्या मांजरपाटाची, आत घरच्या शेतातला कापूस. काका सकाळी उठून कोंबडी साफ करायचे, हळद-मीठ-आलं-लसूण लावून ठेवायचे, दाढी करायचे. मग आमच्याकडे ज्याला गंज म्हणतात त्या जाड बुडाच्या पातेल्यात कांदा परतायचा, मसाला घालायचा, कोंबडी, बटाटे, गाजरं, हिवाळा असला तर वाटाणे आणि फुलकोबी, वर बेताचं पाणी. झाकण लावून चांगली वीस मिनिटं खळखळून उकळू द्यायचं आणि झाकण न काढता गंज उचलून थेट तणसात. बस्स. ना कोळसा, ना रॉकेल, ना राखण. संध्याकाळी सहाला कोंबडी हाडापासून आपोआप सुटलेली असायची. मग तिला पुन्हा एक उकळी द्यायची, वरून सांभार, म्हणजे कोथिंबीर, चिरून टाकायचा, की जेवण तयार.

"याच्यात हुन्नर काहीच नाही," ते सांगत. "उकळी आपन द्याची, बाकीचं काम वेळानं कराचं. लोकं वेळाचं काम बी आपल्याच अंगावर घेते, अन् मंग थकते."

ही विद्या त्यांना एका म्हाताऱ्या खानसाम्याकडून मिळाली होती. तरुणपणी काका मोजणीच्या तुकडीबरोबर चंद्रपूरच्या जंगलात हिंडायचे. जमीन मोजायची साखळी ओढत दिवसभर पायपीट. खानसामा सकाळी खड्डा खणायचा, त्यात गवत अंथरायचा, उकळता हंडा पुरायचा आणि स्वतः तुकडीबरोबर निघायचा. परतल्यावर हंडा उकरून काढायचा. "जंगलात अस्वल होतं, वाघ होता," काका म्हणत, "पन आमच्या हंड्याले कोनी कधी हात नाही लावला. सक्करदऱ्यात मात्र सारे झाकन उचलून पाहाले येते!"

झाकण उचलणं हा त्यांच्या लेखी एकच मोठा गुन्हा होता. बाकी माणूस अत्यंत मवाळ. कचेरीत साहेब ओरडला तर म्हणायचे, "त्याची उकळी आहे, बसन खाली." पण पेटीची गादी कुणी दोन बोटं जरी उचलली तरी त्यांचा आवाज चढायचा.

ड्राफ्ट्समनपण त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं होतं. कानामागे पेन्सिल कायम. एकदा ती कानामागे ठेवूनच आंघोळ केली होती, असं विमलकाकू सांगत. बटाट्याच्या फोडी सगळ्या एका मापाच्या. मसाल्याच्या डब्यांवर नकाशावर असतात तशी सरळ, कोरीव अक्षरं: 'धने', 'तीळ', 'खसखस', आणि एका डब्यावर 'काय आहे माहीत नाही'. काकूंची दुपारची ड्युटी असली की त्या सकाळी उशिरा निघायच्या आणि काका घरी यायच्या आत घर रिकामं असायचं. सकाळची असली की त्या तीनला परतायच्या आणि काका कचेरीत. त्यामुळे दोघांचं निम्मं बोलणं चिठ्ठ्यांवर चालायचं. अशी एक चिठ्ठी काकूंनी मला दाखवली होती. त्यात मजकूर नव्हता. जेवणाचा उभा छेद काढला होता! खाली बटाट्यांचा थर, मधे कोंबडी, वर वाटाणे, बाणानं दाखवलेलं 'येथे मऊ तुकडा, तुझ्यासाठी', आणि कोपऱ्यात नियमाप्रमाणे उत्तर दिशा.

"उत्तर दिशा कशाला हो काकू?" मी विचारलं.

"मी बी विचारलं," काकू म्हणाल्या. "तं म्हने, गंज फिरवून ठेवला तं तुले तुकडा कसा सापडन?"

माझ्या सासूबाईंना मात्र हे सगळं पसंत नव्हतं. पडवीत काका कांदा चिरताना दिसले की त्या हमखास मोठ्यानं म्हणायच्या, "बाई गेली दवाखान्यात अन् मानूस बसला चुलीपाशी. कलजुग आलं!" काका तिकडून ओरडायचे, "मावशी, वाटी धाडा, रस्सा देतो कलजुगाचा!" सासूबाई तोंड फिरवायच्या. थोड्या वेळानं मला म्हणायच्या, "जाय, वाटी नेऊन दे. टाकून देलं तं पाप लागन."

कचेरीची एक सहल खिंडसीच्या तलावावर गेली होती. आम्ही सगळी कुटुंबं बसनं निघालो. काकांनी पेटी मांडीवर घेतली होती. त्याच सहलीला कचेरीतले मुख्य ड्राफ्ट्समन मुळेसाहेब नवा कोरा प्रेशर कुकर घेऊन आले होते. त्या काळात कुकर पाहुण्याला हात लावून दाखवायची वस्तू होती. मुळेसाहेब बसमध्ये उभं राहून म्हणाले, "गावंडे, तुमची कोंबडी नऊ तास घेते. माझा पुलाव नऊ मिनिटांत."

"साहेब," काका म्हणाले, "सहलीले आलो ना आपन? नऊ मिनिटांत जेवून उरलेला दिवस काय कराचं?"

बस हसली. तिथं पोचल्यावर एका बाभळीखाली पेटी ठेवली गेली, दुसरीखाली कोळशाची शेगडी पेटली. काका बायकांना घेऊन तलाव दाखवायला गेले. काकू त्या दिवशी सुट्टीवर होत्या आणि तलावाकाठी बसून त्यांनी चक्क पाण्यात पाय सोडले होते. तेवढ्यात मागून भक्कन आवाज आला. धावत येऊन पाहतो तर कुकरच्या झाकणातलं काहीतरी उडालं होतं, मुळेसाहेब दहा पावलं मागे उभे होते आणि बाभळीला तांदळाचा मोहर आला होता. नशीब, कुणाला इजा झाली नाही.

"चला, पेटी तं आहे!" सगळे तिकडे वळले. काकांनी गादी उचलली, झाकण काढलं आणि त्यांचा चेहरा पडला. गंज कोमट. कोंबडी रबरासारखी चिवट. त्यांनी सगळ्यांकडे एकवार पाहिलं.  शेवटी आमचे यजमान पुढे झाले. "काका, मी फक्त पाह्यलं होतं. शिजली का म्हनून."

"किती वेळा?"

"चार."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं, आता काका भडकणार. ते खरंच लाल झाले होते. पण मग त्यांनी मुळेसाहेबांकडे पाहिलं, बाभळीकडे पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, तुमची शेगडी गरम आहे, माही पेटी शाबूत आहे. चला, दोघं मिळून एक सैपाक करू."

गंज शेगडीवर चढला, पुन्हा खळखळून उकळला आणि तणसात गेला. दुपारचं जेवण म्हणून आम्ही सगळ्यांनी चिवडा आणि संत्री खाल्ली. परतीच्या प्रवासात यजमानांना पेटीवर हात ठेवून बसण्याची शिक्षा होती. कामठी आली तेव्हा सूर्य कलला होता. काका उठले, ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भैया, गाडी बाजू में लेना. खाना पक गया." रस्त्याच्या कडेला चाळीस माणसांनी दोन-दोन घास कोंबडी पावाबरोबर खाल्ली. मुळेसाहेबांनी बोटं चाटली. ड्रायव्हर म्हणाला, त्याच्या आयुष्यात गाडी इतक्या चांगल्या कारणासाठी कधी थांबली नव्हती.

त्या सहलीनंतर वर्षभरातच विमलकाकूंची पुण्याच्या एका अभ्यासक्रमासाठी निवड झाली. तो केला की पुढे नर्सिंगच्या मुलींना शिकवता येणार होतं. पण एक वर्ष तिकडं राहायचं होतं. काकूंनी कागद दाखवला तेव्हा काका म्हणाले, "जाय." एवढंच. मग टेबलावर नकाशा पसरून नागपूर-पुणे अंतर मोजत बसले.

ही बातमी उमरेडजवळच्या त्यांच्या गावी पोचली आणि काकांचे थोरले भाऊ नामदेवराव येऊन थडकले. धोतर, फेटा, हातात काठी; घरची शेती त्यांनीच सांभाळलेली आणि काकांना शिकवलंही त्यांनीच. काका त्यांच्यासमोर खुर्चीवर बसत नसत. दादा मात्र या घरात आले की चहाशिवाय काही घेत नसत, कारण इथं पुरुषाच्या हातचं रांधलेलं असायचं. त्या दिवशी पडवीतलं सगळं बोलणं आम्हाला ऐकू येत होतं.

"बायकोले पुन्याले धाडून राहिला म्हने तू?"

"हो दादा."

"अन् तू इथं हातानं रांधून खाशीन?"

"ते तं आताबी खातो."

"लाज नाही वाटत सांगाले! लोकं मले इचारते, तुमचा बापू बाई झाला का म्हनून. काय सांगू मी त्याहिले?"

काकांनी चहाचा कप दादांजवळ सरकवला. मग म्हणाले, "सांगा, तिले शिकाचं आहे अन् मले जेवाचं आहे. दोन्ही कामं होऊन राहिले. याच्यात कोनाचं काय बिघडते दादा?"

काठी फरशीवर आपटली. "मंग मी मेलो असं समज." नामदेवराव चहा तसाच ठेवून निघाले. काका फाटकापर्यंत मागे गेले. दादांनी वळून पाहिलं नाही. काकूंनी तो भरलेला कप उचलला आणि म्हणाल्या, "मी नाही जात. राहू द्या पुनं." काका म्हणाले, "तू नाही गेलीस तं दादाही गेले अन् पुनंही गेलं. एक तं वाचव."

काकू गेल्या. पहिले काही दिवस सगळं नेहमीसारखं चाललं. मग एके दिवशी माझ्या लक्षात आलं की सकाळी पडवीत हालचालच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी मला ढकललं, "पाह्य तं वं, बिमार-गिमार नाही ना?"

काका पायरीवर पाव चहात बुडवून खात बसले होते.

"काका, पेटी का नाही लावली?"

"नाही जमत बाई," ते म्हणाले. "एकट्यापुरतं ठेवलं तं शिजतच नाही. गंज भरलेला पाह्यजे, तवा गर्मी टिकते. अर्धा गंज दुपारीच थंडा होते." माझ्याकडे न पाहताच त्यांनी विचारलं, "सुधा, दादा म्हनते ते खरं असन का वं? मी उगाच जिद्द केली का?"

मी पंचवीस वर्षांची. मी तडक उठले. घरी येऊन सासूबाईंना सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्या ऐकून घेत राहिल्या. मग उठल्या, आमची कोंबडीची आणि बटाट्यांची पिशवी उचलली आणि चप्पल न घालता शेजारी गेल्या. कलजुग म्हणणाऱ्या माझ्या सासूबाई!

"बापूराव," त्या दारातून म्हणाल्या, "अर्धा गंज आमचा धरा. मले धुरानं दम लागते. तुमच्यावर उपकार नाही, मले सोय पाह्यजे."

त्या वर्षभर आमच्या दोन घरांचा संध्याकाळचा गंज एकच होता. बुधवारी आणि रविवारी कोंबडी, बाकीच्या दिवशी डाळ-भाजी. सासूबाई जेवताना प्रत्येक वेळी तिखट कमी आहे म्हणायच्या आणि प्रत्येक वेळी दुसऱ्यांदा घ्यायच्या.

त्याच वर्षी मला मुलींच्या एका शाळेतून शिक्षिकेच्या जागेसाठी बोलावणं आलं. अकरा ते साडेपाच. मी ते पत्र दोन दिवस ट्रंकेत लपवून ठेवलं, कारण संध्याकाळचा स्वयंपाक कोण करणार हा प्रश्न येणार हे ठाऊक होतं आणि सासूबाईंचा दमा खरा होता. यजमानांनी कचेरीत काकांजवळ बोलून टाकलं असावं. रविवारी काका एक दुसरं चहाचं खोकं सायकलला बांधून घेऊन आले. तणसाचं पोतं खांद्यावर. आमच्या ओसरीत बसून त्यांनी दुपारभर ते भरलं, ठोकलं, आतली जागा आमच्याच गंजाच्या मापानं केली.

"मावशी, आठ दिवस पाहून घ्या," ते म्हणाले. "नाही जमलं तं पेटी मी वापस नेतो अन् सुधा नौकरी वापस करन."

सासूबाईंनी पेटीभोवती एक फेरी मारली. "अन् झाकन कोनी उचललं तं?"

"तुमी घरात असताना कोनाची हिंमत आहे?"

मी त्या शाळेत लागले आणि पुढे सव्वीस वर्षं शिकवलं. आठ दिवसांनी पेटीबद्दल कुणी काही विचारलं नाही. गल्लीतल्या आणखी तीन घरांत तसली खोकी गेली. त्यातल्या एका घरातली सून टेलिफोनच्या कचेरीत लागली. काका त्यावर कधी काही बोलले नाहीत. कुणी आभार मानले तर तणसाचे माना म्हणायचे.

काकू अभ्यासक्रम पुरा करून परत आल्या आणि इस्पितळातच ड्युटी सांभाळून नर्सिंगच्या मुलींना शिकवू लागल्या. नामदेवराव मात्र आले नाहीत. दिवाळीला काका गावी जायचे, दादा शेतावर निघून जायचे. तीन वर्षं हे असं चाललं. काका परत आले की मी विचारायची, "भेटले का?" ते म्हणायचे, "पाठ दिसली."

मग एका उन्हाळ्यात नामदेवराव बैलगाडीवरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. गावातल्या लोकांनी त्यांना नागपूरच्या इस्पितळात आणलं, आणि शुद्धीवर आल्यावर त्यांना दिसल्या त्या विमलकाकू. काकूंची त्या वॉर्डात ड्युटी नव्हती. तरी शिकवून झालं की त्या दररोज येऊन स्वतः त्यांचं सगळं करायच्या. दादा डोळे मिटून घ्यायचे. महिन्याभरानं त्यांना घरी सोडायचं झालं, पण गावी नेण्यासारखी अवस्था नव्हती. काकांनी त्यांची खाट पडवीतच घातली. पेटीच्या शेजारी.

आता दिवसभर घरात दादा आणि पेटी दोघंच. चहापाण्याला माझ्या सासूबाई जायच्या. पहिले दोन दिवस दादांनी फक्त दूध-भाकर मागितली. तोंडात दात चारच उरलेले, भाकर दुधात कुसकरून कशीबशी गिळायचे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी शाळेतून येऊन दादांसाठी ताक घेऊन गेले होते. काकांनी गंज बाहेर काढला, उकळी दिली, वर सांभार टाकला. सगळी पडवी वासानं भरून गेली. काकूंनी एका ताटलीत कोंबडीचा मऊ तुकडा, बटाटा, गाजर कुसकरून, रस्सा घालून दादांच्या पुढ्यात ठेवलं. 

दादा ताटलीकडे पाहत राहिले. "कोनं रांधलं?"

काकू काही बोलायच्या आत काका म्हणाले, "मी."

 मग दादांनी बोटांनी तुकडा दाबला. तो दबताच हाड निराळं झालं. त्यांनी एक घास घेतला, हिरड्यांनी चघळला, गिळला. आम्ही सगळे उगाचच इकडे-तिकडे पाहत होतो.

"मीठ कमी हाय," नामदेवराव म्हणाले आणि ताटली पुढे केली. "अजून दे."

काका मीठ आणायला आत गेले ते पाच मिनिटं बाहेरच आले नाहीत.

पुढच्या आठवड्यात एक दिवस दुपारी सासूबाई चहा द्यायला गेल्या. घरी पाहुणे येणार होते, काकांकडचा थोडा रस्सा मागून नेता येईल का, किती आहे ते पाहावं म्हणून त्यांनी पेटीच्या गादीकडे हात नेला. खाटेवरून अशी डरकाळी आली की त्यांच्या हातातली कपबशीच पडली. "हात नोका लावू! शिजून राहिलं ते!"

सासूबाईंनी तो कप फुटल्याचं दुःख कधी केलं नाही. संध्याकाळी ही हकीकत त्यांनी सगळ्या गल्लीला नक्कल करून दाखवली, डरकाळीसकट.

पावसाळ्याच्या तोंडावर दादा काठी टेकत चालू लागले. पेरणीसाठी त्यांना घरी जायचं होतं. निघताना आम्ही सगळे फाटकाशी उभे होतो. ते काकूंपाशी थांबले. इतक्या वर्षांत त्यांनी काकूंच्या नोकरीचा शब्दसुद्धा तोंडातून काढला नव्हता. फेटा सारखा करत त्यांनी विचारलं, "इमल, उद्या तुही ड्युटी कवाची हाय?"

"सकाळची, दादा."

"मंग नीज लवकर. मी पोचलो की चिठ्ठी धाडतो," असं म्हणून ते सायकलरिक्षात बसले. काकूंनी पदर तोंडाला लावला. पुढच्या शनिवारी उमरेडच्या बसनं वांग्यांचं एक पोतं आणि पाय बांधलेले दोन कोंबडे आले. मग दर महिन्याला येत राहिले.

बरीच वर्षं गेली. यजमानांची अमरावतीला बदली झाली. निघायच्या आधी काकांना भेटायला गेलो तर शेजारच्या घराला कुलूप. गल्लीत कळलं की काका मनीषनगरकडे, नुकत्याच घेतलेल्या प्लॉटवर गेलेत. तेव्हा तिकडे शेतंच होती, मधेच एखादं घर. आम्ही विचारत विचारत पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं.

मोकळ्या जमिनीवर काका पांढरे केस उडवत उभे होते, हातात चुन्याचा डबा. निवृत्त होऊन दोनच महिने झाले होते. त्यांनी घराचा सगळा नकाशा चुन्यानं जमिनीवर काढला होता, खऱ्या मापात. "या, या! हे बैठक, हे निजाची खोली," ते आम्हाला फिरवू लागले. आम्ही रेषा ओलांडून जायला लागलो तर म्हणाले, "भिंतीतून नोका येऊ गा, दार तिकडं आहे!"

एक खोली अगदी रस्त्याच्या अंगाला होती. यजमानांनी विचारलं, "काका, हे काय?"

"सैपाकघर."

"पुढं काहून? सैपाकघर तं मागं असते."

"मागं असलं तं रस्ता दिसत नाही," काका म्हणाले. "तिले अजून चार वर्षं नौकरी आहे. इथं मोठी खिडकी ठेवतो. ती वळनावर आली की दिसली पाह्यजे."

तेवढ्यात वळणावर विमलकाकू दिसल्या. इस्पितळातून थेट आल्या होत्या. पांढरी साडी, काखेत छत्री, चाल थकलेली. काका बोलता बोलता थांबले आणि त्या न बांधलेल्या खिडकीशी जाऊन उभे राहिले. काकूंनी लांबूनच हात केला. जवळ आल्या, चुन्याची रेषा पाहिली, दाराची मोकळी जागा कुठं आहे ते शोधून तिथं गेल्या. आणि माती-ढेकळांच्या त्या उघड्या शेतात, उंबरठ्याच्या पांढऱ्या रेघेबाहेर त्यांनी चपला काढल्या, एकीशेजारी एक नीट लावून ठेवल्या आणि आत आल्या.